कवितेला प्रवचनाची दासी करू नका

आपल्या धर्मग्रामांत कवितेला मान नाही, असे कोणी म्हणाले तर ते खरे ठरणार नाही. धर्मगुरूंच्या रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत तिच्यासाठी एक पान राखून ठेवलेले असते. लग्नाच्या आमंत्रणावर आणि स्मृतिदिनाच्या कार्डावर तिच्या चार ओळी छापलेल्या आढळतात. प्रवचन लांबले, श्रोते घड्याळाकडे पाहू लागले, की वक्ता एखाद्या कवीचा हात धरून वेदीकडे परततो. पाठांतराच्या स्पर्धेत तर तिला ढाल आणि प्रशस्तिपत्रकही मिळते. मान सर्वत्र आहे. फक्त तिचे ऐकून घेण्याची कोणाची तयारी नाही. सणावारी घरच्या आजीला खुर्चीत बसवून तिच्या पाया पडावे आणि ती बोलू लागली की टीव्हीचा आवाज वाढवावा, तशातलाच हा प्रकार आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात मांडतो. आपण तरुणांना कविता देतो ती बोधाच्या पुडीत बांधून देतो, आणि म्हणून ती त्यांच्या पोटात जात नाही. कविता हे प्रवचनाचे अलंकरण नव्हे. ती मनन करण्याची, धीर मिळवण्याची आणि एकमेकांशी मनातले बोलण्याची एक जुनी वाट आहे, आणि प्रार्थनेची वाट तिच्या अंगणातूनच जाते. ज्याला कविता ऐकता येत नाही, त्याला स्तोत्रही प्रार्थिता येत नाही. हे विधान काहींना धारिष्ट्याचे वाटेल. आम्ही ते जाणूनबुजून करीत आहोत आणि त्याची कारणे पुढे देत आहोत.

प्रथम आपल्याच घरातला पुरावा पाहू. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली देह ठेवीपर्यंत येथेच राहिले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. देवनागरीचे खिळे त्या वेळी उपलब्ध नसल्यामुळे तो रोमन लिपीत छापावा लागला. एवढे सर्वांना पाठ असते. परंतु हा ग्रंथ का निर्माण झाला, याची जी हकिगत कवीने स्वतः ग्रंथाच्या आरंभी सांगितली आहे, तिच्याकडे आमचे फारसे लक्ष जात नाही. साष्टीच्या एका देवळात रविवारी पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत होते. तेथे एक नवख्रिस्ती ब्राह्मण आला. त्याच्या बोलण्याचा आशय असा, की आपण जे शिकवता ते चांगलेच आहे. परंतु आमची पूर्वीची पुराणे आता आम्हांस वर्ज्य झाली, तेव्हा त्यांच्या ठिकाणी वाचावयास आम्हांस दुसरे काही द्याल की नाही?

सुज्ञ वाचकांनी या प्रश्नाचे स्थळ लक्षात घ्यावे. हा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारला गेला आहे. विचारणाऱ्याने धर्मशिक्षण नाकारलेले नाही. त्याने एवढेच सांगितले, की यावर माझे पोट भरत नाही. प्रश्नोत्तरांनी बुद्धीला उत्तर मिळते. परंतु संध्याकाळी ओसरीवर बसून चारचौघांत मोठ्याने वाचावे, वाचता वाचता डोळे भरून यावेत, असे काही हवे आहे. स्टीफन्स यांनी त्याला काय दिले? त्यांना प्रश्नोत्तरे लिहिता येत नव्हती असे नाही. त्यांनी कोकणीत ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे पुस्तक रचले होते आणि ते त्यांच्या पश्चात १६२२ साली छापलेही गेले. म्हणजे धर्मशिक्षण आणि काव्य या दोहोंचे काम वेगळे आहे, हे एकाच माणसाने ओळखले आणि दोन्ही हातांनी दोन्ही दिले. ओवी त्यांनी या मातीतूनच उचलली. ज्ञानेश्वर आणि एकनाथ यांनी ज्या छंदाला घरोघर पोहोचवले, त्याच छंदात त्यांनी उत्पत्तीपासून पुनरुत्थानापर्यंतची कथा सांगितली.

आता आपण काय करतो ते पाहा. मराठी भाषेच्या थोरवीविषयी स्टीफन्स यांनी ज्या थोड्या ओव्या लिहिल्या, त्या आपण प्रत्येक साहित्यसभेत अभिमानाने म्हणतो. तेवढ्याच म्हणतो. उरलेल्या ओव्यांपैकी एखादी तरी आमच्या युवा संघटनेतील मुलामुलींच्या कानावर कधी पडली आहे काय? ग्रंथ दुर्मीळ आहे ही सबब आता चालणार नाही. १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी, मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांनी जपलेल्या हस्तलिखितांच्या आधारे, त्याची आवृत्ती काढली. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला. पुढेही आवृत्त्या झाल्या. छापखान्याची सोय नसताना लोकांनी ज्या ग्रंथाच्या नकला हाताने उतरवून ठेवल्या, त्याच्या मुद्रणाला २०१६ साली चारशे वर्षे झाली. पुस्तक आज कपाटात आहे. वाचन मात्र कोठे नाही.

याचे कारण तरुणांची अनास्था, असे सांगण्याची पद्धत आहे. आम्हांला ते मुळीच मान्य नाही. कविता तरुणांपासून दूर गेलेली नाही. ती आम्ही थोरांनी दूर नेली आहे, आणि ते काम तीन ठिकाणी पद्धतशीरपणे चालते.

पहिले ठिकाण शाळा. ‘या कवितेचा भावार्थ लिहा’, ‘मध्यवर्ती कल्पना स्पष्ट करा’, ‘रसग्रहण करा’, गुण अमुक. उत्तर गाइडमध्ये तयार असते. मुलाने कविता वाचली नाही तरी चालते, गाइड वाचले म्हणजे पुरे. दहावी उरकली की कविता आणि गाइड ही दोन्ही एकाच रद्दीत जातात. दुसरे ठिकाण स्पर्धा. मूल मंचावर येते, हात पसरते, आवाज चढवते, ठरलेल्या ठिकाणी गळा दाटून आणते. वेळ संपल्याची घंटा वाजते. स्पर्धांमुळे निदान चार ओळी पाठ होतात, हे श्रेय आम्ही त्यांना देतो. परंतु कविता परीक्षकांकडे तोंड करून म्हणायची असते, हा जो संस्कार त्या वयात होतो, तो पुसणे फार कठीण असते. तिसरे ठिकाण आमचे स्वतःचे, म्हणजे प्रवचनपीठ. आम्ही कवितेतील दोन ओळी तोडून घेतो, त्यांचा अर्थ सांगतो, अर्थातून बोध काढतो आणि बोध श्रोत्यांच्या हाती ठेवतो. फळाची साल, गर आणि रस आपण खावा आणि दुसऱ्याला कोय देऊन म्हणावे, ‘आंबा गोड असतो बरे!’

एखादा वाचक विचारील, ‘बोध घेतला तर बिघडले कोठे? धर्मगुरूने बोध करायचा नाही तर काय करायचे?’ धर्मगुरूने बोध जरूर करावा. आम्हीही दर रविवारी करतो. परंतु बोध आणि कविता यांचा क्रम उलटा लावू नये. या बाबतीत क्रुसाचा संत योहान याचे उदाहरण आम्हांला निर्णायक वाटते. १५७७ च्या डिसेंबरात त्याच्याच संघातील विरोधकांनी त्याला टोलेडो येथील मठात कोंडले. सुमारे नऊ महिने तो एका अरुंद, अंधाऱ्या खोलीत होता. तेथे त्याच्या मनात कविता जन्मास आल्या. त्यांवरचे गद्य भाष्य त्याने पुढे अनेक वर्षांनी लिहिले आणि तेही धर्मभगिनींनी व इतरांनी आग्रह धरला म्हणून. आपल्या ‘आध्यात्मिक गीता’वरील भाष्याच्या प्रस्तावनेत तो स्पष्ट सांगतो, की या स्पष्टीकरणाला कोणी बांधून घेण्याचे कारण नाही; ज्याने त्याने आपल्या ताकदीप्रमाणे कवितेतून घ्यावे. ज्याने ती कविता लिहिली, ज्याला ख्रिस्तसभेने आचार्य म्हणून गौरविले, तोच आपल्या कवितेचा एकच अर्थ ठरवून द्यायला तयार नाही. आणि आम्ही मात्र दुसऱ्याच्या कवितेचे तात्पर्य दोन मिनिटांत काढून मोकळे होतो!

आता स्तोत्रांकडे वळू. स्तोत्रसंहिता ही एकशे पन्नास कवितांची वही आहे, ही गोष्ट रोज ती हाती घेणारे आम्ही धर्मगुरूसुद्धा विसरतो. प्रभू येशूने क्रुसावरून पित्याला हाक मारली ती बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीच्या शब्दांनी, असे मत्तय आणि मार्क सांगतात. प्राण सोडताना त्याच्या ओठी एकतिसाव्या स्तोत्रातील शब्द होते, असे लूक सांगतो. मरणाच्या वेदनेत माणसाला नवे शब्द सुचत नाहीत. लहानपणी मुखोद्गत झालेले तेवढे वर येते. प्रभूजवळ त्या घटकेला कविता होती. आपल्या मुलांजवळ काय असेल?

हा प्रश्न आम्ही हवेत विचारीत नाही. वसईच्या पट्ट्यातील तरुणांचे निम्मे आयुष्य लोकलगाडीत जाते आणि काहींचे तेथेच संपते. अशाच एका अपघातात गेलेल्या विशीतल्या मुलाच्या घरी, मातीच्या आदल्या रात्री, आम्ही बसलो होतो. त्याचे दहाबारा मित्र अंगणात उभे होते. त्यांच्या हातांतील फोनवर तीन इंग्रजी अक्षरे आणि हात जोडल्याचे चित्र एकमेकांना जात-येत होते. त्यापलीकडे एकाच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. त्यांचे प्रेम उथळ होते असे म्हणण्याचे पाप कोणी करू नये. मैत्रीखातर ती मुले रात्रभर तिष्ठत उभी होती. त्यांच्याजवळ दुःखाला भाषा नव्हती, एवढेच. घरातल्या वृद्ध स्त्रिया मात्र आपल्या बोलीत रडत होत्या, आणि त्या रडण्याला लय होती, ओळ होती, मृताला नावाने मारलेली हाक होती.

महिनाभराने त्याच मुलांना आम्ही बोलावले. प्रवचन केले नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र एकाला मोठ्याने वाचावयास सांगितले, मग दुसऱ्याला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: हे स्तोत्र तक्रारीने भरलेले आहे आणि बहुतेक विलापस्तोत्रांप्रमाणे ते शेवटी आशेकडे वळत नाही. ते अंधारातच संपते. वाचन झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने विचारले, ‘फादर, देवाशी असं बोललेलं चालतं?’ चालते, असे आम्ही सांगितले. ख्रिस्तसभा आपल्या दैनंदिन प्रार्थनेत दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी हेच शब्द म्हणते, हेही सांगितले. त्यानंतर ती मुले तासभर बोलत होती: मित्राविषयी, गाडीच्या दाराविषयी, देवावरच्या रागाविषयी. आम्हांला बोलावे लागले नाही. दहा प्रवचनांनी जे झाले नसते ते एका कवितेने केले, कारण तिने त्यांना काही शिकवले नाही; तिने त्यांच्या बाजूने तोंड उघडले.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. कविता निवडायची ती कोणाची? ‘आपल्या’ कवींची की कोणाचीही? आजच्या कवितेत देवाविषयी संशय असतो, संताप असतो, कधी नकारही असतो. कोवळ्या मनांवर त्याचा काय परिणाम होईल?

भीती प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही नीट दिले पाहिजे. संशय आणि संताप यांची ज्यांना धास्ती वाटते, त्यांनी पवित्र शास्त्र पुन्हा उघडावे. ईयोबाचा ग्रंथ पाहावा. एकशे सदतिसाव्या स्तोत्राचा शेवट पाहावा. १९७० नंतरच्या सुधारित दैनंदिन प्रार्थनाग्रंथातून अठ्ठावन्न, त्र्याऐंशी आणि एकशे नऊ ही तीन शापस्तोत्रे वगळण्यात आली, हे खरे. पण बायबलातून ती कोणी काढली नाहीत आणि विलापस्तोत्रे तर प्रार्थनेतही कायम आहेत. ज्या परंपरेने देवाला विचारलेला जाब पवित्र मानला, तिने एखाद्या आधुनिक कवीच्या जाबाने बिचकावे हे शोभत नाही. नारायण सुर्वे यांची कविता घ्या. १९६६ साली त्यांचे ‘माझे विद्यापीठ’ प्रसिद्ध झाले. रस्त्यावर टाकून दिलेले मूल, गिरणी कामगाराने वाढवलेले, मुंबईच्या कामगारवस्तीत शिकलेले. ते काही आमच्या वेदीपाशी येऊन गुडघे टेकणारे कवी नव्हेत. परंतु माणसाच्या प्रतिष्ठेविषयी आम्ही जे धर्मशिक्षणात सांगतो, ते रोजगारासाठी मुंबईला धावणाऱ्या तरुणाला त्या कवितेत आपल्या अंगच्या घामासकट भेटते. बहिणाबाई चौधरी यांचे तेच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्यांनी ज्या ओव्या गाइल्या, त्या त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या. केळीची बाग आणि फुलांचे मळे विकून टाकणाऱ्या घरांतील मुलांनी त्या एकदा ऐकाव्यात. मातीविषयी धर्मग्रामातून निघणाऱ्या कोणत्याही पत्रकापेक्षा त्या त्यांना अधिक सांगतील.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्याविषयी एक पत्र लिहिले. ते मुळात धर्मगुरूंच्या जडणघडणीपुरते लिहावयाचे होते. पुढे त्यांनी ते सर्वच ख्रिस्ती जनांसाठी आहे असे म्हटले. त्यात त्यांनी आपली एक आठवण दिली आहे. १९६४-६५ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते अर्जेंटिनातील सांता फे येथे येशूसंघाच्या शाळेत साहित्य शिकवीत असत. अभ्यासक्रमात ‘एल सिद’ हे स्पॅनिश भाषेतील जुने वीरकाव्य होते. मुलांना ते नको होते. त्यांना गार्सिया लोर्का हा अलीकडचा कवी हवा होता. तरुण शिक्षकाने ठरवले, की ‘एल सिद’ घरी वाचावे आणि वर्गात मुलांच्या आवडीच्या लेखकांविषयी बोलावे. वाचता वाचता मुलांना साहित्याची गोडी लागली आणि ती आपोआप इतर लेखकांकडे वळली. ज्यांना ‘आधी आमचे, मग तुमचे’ असा हट्ट धरावयाचा आहे, त्यांनी हे पत्र एकदा वाचावे. आम्हांलाही ख्रिस्तपुराण मुलांच्या कानी पडावे असेच वाटते. परंतु त्या दारापर्यंत मुलांना त्यांच्या पायांनी येऊ द्यावे. बखोटीला धरून आणलेली मुले दार उघडण्याच्या आत निसटतात.

दुसरा आक्षेप भाषेचा. ‘आमच्या मुलांना मराठी वाचता येते कोठे? ती इंग्रजी शाळेत जातात.’ हे दुखणे खरे आहे आणि ते आम्हांला आपल्या घरांतच दिसते. पण कविता ही मुळात वाचण्याची वस्तू नव्हे, ऐकण्याची आहे. साष्टीतील ज्या श्रोत्यांसाठी ओव्या रचल्या गेल्या, त्यांतील किती जणांना अक्षरओळख असेल? एकाने म्हणावे आणि शंभरांनी ऐकावे, ही आपल्या देशाची रीतच आहे. पारायण म्हणजे दुसरे काय? ज्याला देवनागरी अडखळत येते, त्याचे कान अडखळत नाहीत. आणि मराठीच कशाला? सामवेदी, वाडवळी, कोळी बोलींतील लग्नगीते आणि रडगाणी अद्याप आपल्या आज्यांच्या ओठांवर आहेत. एखाद्या मुलाला सांगा, ‘पुढच्या वेळी आजीकडून एक गाणे अर्थासह घेऊन ये.’ त्या निमित्ताने नातू आजीपाशी तासभर बसेल. एखाद्याने इंग्रजी कविता आणली तर तीही ऐकावी. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली, ती माणसाने देवाशी मनापासून बोलावे म्हणून. त्या वाटेवर आपणच जकातनाके उभारू नयेत.

तिसरे म्हणणे असे, की तरुणांना वेळ नाही आणि धीरही नाही. ज्यांना तासन् तास फोनवर जातो त्यांना वेळ नाही हे आम्ही मानीत नाही. धीर नाही, हे मान्य. पण म्हणूनच कविता. चौदा-पंधरा ओळींची वस्तू दोन मिनिटांत वाचून होते. एवढ्या थोड्या वेळात एवढे खोल उतरण्याची संधी दुसरा कोणता साहित्यप्रकार देतो? फोनवर रोज सकाळी गुलाबाच्या चित्रासह जे यमकबद्ध सुविचार येतात, त्यांना कोणी कविता समजू नये. सुविचार आपल्याला जागच्या जागी थोपटून पुन्हा निजवतो.

आणि चौथे, जे कोणी उघड बोलत नाही, पण आम्ही बोलणार आहोत. आम्हां थोरांना तरुणांच्या कवितेची भीती वाटते. ती ऐकून घ्यावी लागेल, तीत आमच्याविषयीही काही असेल, ही ती भीती. जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स या येशूसंघीय धर्मगुरूची गोष्ट प्रसिद्ध आहे. जहाज बुडून पाच धर्मभगिनींना जलसमाधी मिळाल्याच्या घटनेवर त्याने १८७६ साली दीर्घ कविता लिहून पुरी केली आणि आपल्याच संघाच्या मासिकाकडे पाठवली. मासिकाने ती छापली नाही. त्याच्या कवितांचा संग्रह निघाला तो १९१८ साली, त्याच्या मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी, आणि तो एका मित्राने काढला. संपादकांना ती कविता कळली नसेल. पण धर्माच्या नावाने चालणाऱ्या नियतकालिकांनी, अर्थात याही नियतकालिकाने, हा प्रसंग समोर ठेवावा. याच्या उलट जळगावचे १९०७ सालचे कविसंमेलन आठवा. त्र्यंबक बापूजी ठोमरे हा सोळा-सतरा वर्षांचा पोर तेथे उभा राहिला. थोरांनी त्याचे ऐकून घेतले, अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले, आणि महाराष्ट्र आजही त्याला त्याच नावाने ओळखतो. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई यांनी या मुलाला पोटच्या पोरासारखे घरी ठेवून घेतले. ते कुटुंब आपल्या पंथाचे नव्हते. पण तरुण कवीला घर कसे द्यावे, हे त्यांच्याकडून शिकण्यास पंथाची आडकाठी नसावी. तरुणांना कविता द्यावी, असे म्हणताना त्यांच्याकडून कविता घ्यावी लागते, हा या व्यवहाराचा दुसरा अर्धा भाग आहे.

टीका करून थांबणे सोपे असते. म्हणून करावयाचे काय तेही सांगतो. बाराव्या शतकातील ग्विगो या कार्थुसियन मठाधिपतीने पवित्र शास्त्र वाचण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. याच शिडीचा खालचा भाग कवितेसाठी वापरता येतो. महिन्यातून एकदा दहाबारा तरुणांनी एकत्र बसावे. धर्मग्रामाच्या सभागृहातच बसावे असे नाही; कोणाची पडवी चालेल, समुद्राची पुळण चालेल. एकच कविता घ्यावी. ती एका आवाजात वाचावी, थोडे थांबून दुसऱ्या आवाजात वाचावी; शक्य तर एकदा मुलाने आणि एकदा मुलीने. मग तीन-चार मिनिटे सर्वांनी गप्प राहावे. ही शांतता प्रथम अवघड वाटते. ती भरून काढण्यासाठी कोणी गिटार वाजवू नये. त्यानंतर प्रत्येकाने एवढेच सांगावे, की कोणत्या शब्दापाशी मी थांबलो. का थांबलो हे सांगण्याची सक्ती नसावी. कविता तिसऱ्यांदा वाचावी. आता ज्याला आपल्या आयुष्यातले काही सांगावेसे वाटेल त्याने सांगावे. दुसऱ्याने त्यावर सल्ला देऊ नये, तेथे सांगितलेले बाहेर नेऊ नये. कवीला काय म्हणायचे आहे हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारू नये. धर्मगुरू हजर असतील तर त्यांनी सर्वांच्या शेवटी आणि सर्वांत थोडे बोलावे. अखेरीस एक स्तोत्र म्हणावे आणि कविता पाठ करून घरी न्यावी.

पाठ करण्यावर आमचा विशेष भर आहे. टोलेडोच्या कोठडीत योहानाला कित्येक महिने कागद मिळाला नव्हता; कविता त्याच्या स्मरणात होत्या. फोनची बॅटरी उतरते, पुस्तक घरी राहते. रुग्णालयातील बाकावर, परदेशातल्या भाड्याच्या खोलीत, निकालाच्या आदल्या रात्री माणसाजवळ जे उरते, ते त्याच्या आत असते. तेथे काही साठवून ठेवावयाचे असेल तर ते आताच, या वयात साठवले पाहिजे.

यासाठी निधी लागत नाही, समिती नेमावी लागत नाही, वरून परिपत्रक येण्याची वाट पाहावी लागत नाही. लागतो तो आम्हां धर्मगुरूंचा, धर्मशिक्षकांचा आणि आईबापांचा थोडा संयम: अर्थ सांगण्याची उबळ आवरण्याचा. साष्टीच्या त्या माणसाने आपली भूक बोलून दाखवली, हे आपले भाग्य. आजची मुले ती बोलून दाखवीत नाहीत. ती मिस्सानंतर देवळाच्या आवारात मोटरसायकलींना टेकून उभी असतात. येत्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी त्यांच्यापैकी चौघांना हाक मारा, आणि हाती एकच कविता घेऊन बसा.